टेलच्या गावाहून पाण्याचा कायदा वाचताना

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



पाणी म्हटलं की आम्हा कविता लिहिणाऱ्यांना नदी आठवते, पाऊस आठवतो, आईच्या डोक्यावरची घागर आठवते. त्यावर आम्ही पुष्कळ लिहून ठेवलं आहे. आज त्यातलं काही बोलणार नाही. आज मला कलमांविषयी बोलायचं आहे. सरकार पाणी हलवतं ते दरवाजांनी आणि पंपांनी, हे खरंच. पण त्याच्या आधी ते शब्दांनी हलवतं. अग्रक्रम, हक्कदारी, आकारणी, परवानगी, समन्यायी. यातला एखादा शब्द कागदावर वरचा खाली गेला की शंभर कोसांवरच्या शेतातलं पाणी कमी-जास्त होतं. शब्द हा आमचा धंदा, म्हणून या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मी घेतो. अभियांत्रिकीतलं मला कळत नाही. मी साधा बी.ए. आहे, तोही मराठी घेऊन.

माझं गाव परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. हा कालवा पैठणहून निघतो आणि दोनशे आठ किलोमीटर चालतो. आमचं शिवार एका चारीच्या अगदी टोकाला. याला आमच्याकडं 'टेल' म्हणतात. शब्द इंग्रजी, पण ज्या म्हातारीनं शाळेचं तोंड पाहिलं नाही तिच्याही तोंडी तो बसलेला. 'आम्ही टेलची माणसं' असं ती म्हणते, तेव्हा ती भूगोल सांगत नसते, नशीब सांगत असते. माझे अब्बा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. हातात फावडं, खांद्यावर टॉवेल आणि खिशात शेजपाळीचा कागद. रात्री-अपरात्री लोक दारात यायचे, 'मामू, आज तरी पाणी यील का?' अब्बांकडे या प्रश्नाचं एकच उत्तर असायचं, 'वरच्यांनी सोडलं तर यील.' सारं गाव त्यांना मामू म्हणायचं, पण पाणी नाही आलं की त्याच मामूला शिव्याही खाव्या लागायच्या. शेजपाळी हा शब्द मला फार आवडतो. शेजाऱ्यामागून शेजाऱ्याची पाळी. कालव्याच्या सगळ्या कायद्यांचं सार या एका शब्दात आहे, आणि सगळं भांडणही त्यातच आहे.

हे भांडण किती जुनं आणि किती वरपर्यंत जातं ते पाहण्यासाठी राज्यघटनेपासून सुरुवात करावी लागते. पाणीपुरवठा, सिंचन, कालवे, धरणातला साठा हे विषय राज्यसूचीच्या सतराव्या नोंदीत आहेत. म्हणजे पाणी राज्यांचं. पण तिथंच एक पुस्ती जोडली आहे, की हे केंद्रसूचीतल्या छप्पन्नाव्या नोंदीच्या अधीन. त्या नोंदीनुसार आंतरराज्य नद्यांचं नियमन आणि विकास, संसद कायद्यानं ठरवील त्या मर्यादेत, केंद्राकडे जाऊ शकतो. संसदेनं १९५६ साली दोन कायदे केले. एक नदी मंडळांचा, राज्यांनी एकत्र बसून नदीचा विचार करावा म्हणून. दुसरा आंतरराज्य पाणीतंट्यांचा, भांडण झालं तर लवाद नेमण्यासाठी. पहिल्या कायद्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेलं नाही. दुसऱ्याखाली मात्र लवादामागून लवाद झाले. एकत्र बसण्याचा कायदा कोरा राहिला आणि भांडणाचा कायदा झिजून गेला, यावर मी वेगळी टिप्पणी करायला नको.

गोदावरीचा तंटा न्या. बच्छावत यांच्या लवादापुढे गेला होता. त्यात महाराष्ट्र आणि आंध्र यांच्यात १९७५ साली जो करार झाला, त्यानुसार पैठणच्या धरणापर्यंतचं गोदावरीचं सगळं पाणी महाराष्ट्रानं वापरावं असं ठरलं. ऐकायला हे विजयासारखं वाटतं. पण त्या दिवसापासून पैठणच्या वरचं भांडण घरातलं झालं. नाशिक आणि नगर (आताचं अहिल्यानगर) एका बाजूला, मराठवाडा दुसऱ्या बाजूला, आणि घरातल्या भांडणाला लवाद मिळत नाही. जायकवाडीचा पाया १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला, १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. त्याची एकूण साठवण सुमारे १०२ टीएमसी, त्यातलं वापरता येण्याजोगं सुमारे ७६. अर्थात वरून आलं तर. वरच्या उपनद्यांवर धरणं वाढत गेली, ऊस वाढत गेला, शहरं वाढत गेली, आणि नाथसागरात कधी पाणी तर कधी ढेकळं.

आता धोरणांकडे येतो. देशाचं पहिलं राष्ट्रीय जलनीती १९८७ साली आली, दुसरी २००२ साली, तिसरी २०१२ साली. नीती म्हणजे कायदा नव्हे. तिच्यावर कोणाला कोर्टात जाता येत नाही. पण ती वाचण्यासारखी असते, कारण सरकारच्या मनात काय चाललंय ते तिच्या शब्दांच्या क्रमावरून कळतं. पहिल्या दोन्ही नीतींत पाणी कोणाला आधी द्यायचं याची ओळ होती. पिण्याला पहिलं, शेतीला दुसरं, मग वीज, मग बाकीचे. २००२ साली त्या ओळीत पर्यावरण आलं आणि उभं राहिलं चौथ्या जागी. २०१२च्या नीतीत ही रांगच काढून टाकली. पिणं, स्वच्छता, जनावरं, अन्नसुरक्षा, गरिबाची पोटापुरती शेती आणि निसर्गाची किमान गरज भागल्यावर उरलेलं पाणी 'आर्थिक वस्तू' समजावं, असं तीत म्हटलं आहे. वाक्य व्याकरणानं निर्दोष आहे. फक्त 'उरलेलं' कोण मोजणार, एवढंच त्यात नाही.

आपल्या राज्यात ही रांग आणखी गमतीनं हलली. २००३च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर दुसरा क्रमांक उद्योगाला दिला गेला आणि शेती तिसरी झाली. तेव्हा फारसा आवाज झाला नाही. मोठी धरणं शेतीच्या नावानं बांधलेली आणि पाणी हळूहळू कारखान्यांच्या, शहरांच्या नळाला जोडलेलं, हे पुढं लोकांच्या लक्षात आलं. गदारोळ झाला. २०११ साली मंत्रिमंडळानं शेतीला पुन्हा दुसऱ्या जागी आणलं. आठ वर्षं एक शब्द दुसऱ्या शब्दाच्या खाली होता. कवितेत शब्दाची जागा बदलली तर फार तर समीक्षक रागावतो.

या सगळ्यात मला ज्या कायद्याविषयी मुख्यतः सांगायचं आहे तो २००५चा, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा. पाण्याचा असा स्वतंत्र नियामक नेमणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. प्राधिकरणानं पाण्याची हक्कदारी ठरवावी, ठोक पाण्याचे दर ठरवावेत, तंटे ऐकावेत, अशी योजना. हक्कदारी हा शब्द मला ओळखीचा वाटतो, कारण 'हक्क' आमच्या घरात रोज ऐकू येणारा शब्द. अरबीतून आला आणि मराठीत इतका मुरला की सातबाऱ्यावर जाऊन बसला. जुन्या इस्लामी कायदेशास्त्रात तहानेचा हक्क आणि ओलिताचा हक्क वेगळे मानलेत, आणि तहानलेल्याला, मग तो माणूस असो की जनावर, विहिरीवरून परत पाठवता येत नाही. शरीयत या शब्दाचाही मूळ अर्थ पाणवठ्याकडे जाणारी वाट असा सांगतात. वाळवंटात जन्मलेल्या भाषेनं कायद्याला हा शब्द द्यावा, यात नवल नाही. पण हे जाता जाता.

या कायद्यात कलम १२, पोटकलम ६, खंड 'ग' आहे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तो पाठ असायला हवा. त्याचा आशय असा, की टंचाईचं ओझं सगळ्यांनी सारखं वाटून घ्यावं म्हणून, खोऱ्यातल्या किंवा उपखोऱ्यातल्या सर्व धरणांचा वापरता येण्याजोगा साठा, खरिपात वापरलेलं पाणी धरून, ऑक्टोबरअखेर टक्केवारीनं साधारण सारखा राहील असं नियंत्रण करायचं. वरचं धरण नव्वद टक्के आणि खालचं दहा टक्के, असं चालणार नाही. यातले दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. एक 'समन्यायी'. तो 'समान' नाही. सगळ्यांना सारखे लिटर असं कायदा म्हणत नाही, टंचाई सारखी असं म्हणतो. सुकाळात ज्याचं त्याच्याकडे, दुष्काळात दुःख मात्र वाटून. आणि दुसरा शब्द 'साधारण'. या एका 'साधारण'मध्ये किती वकिलांची घरं चालली असतील!

कलम २००५चं. पण पहिली सहा-सात वर्षं ते कागदातच होतं. २०१२च्या दुष्काळात खालच्या लोकांनी ते शोधून काढलं, मग कोर्टकचेऱ्या, मोर्चे, धरणांवर पोलिसांचा पहारा. २०१४ साली प्राधिकरणानं आदेश दिला आणि ६५ टक्क्यांचा आकडा आला. १५ ऑक्टोबरपर्यंत जायकवाडीत वापरता येण्याजोगा साठा, खरिपाचा वापर धरून, ६५ टक्के झाला तर वरून पाणी सोडायची गरज नाही. त्याखाली असेल तर सोडायचं. २०१६च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं हे कलम वैध ठरवलं. २०१८ साली पाणी सुटलं. २०२३च्या ऑक्टोबरअखेर सुमारे साडेआठ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला आणि तेव्हाही वरचे-खालचे दोघंही रस्त्यावर उतरले.

इथं मला वरच्यांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे भाषण टेलच्या माणसाची तक्रार होऊन बसेल. नाशिक-नगरचा शेतकरी म्हणतो, आमच्या आज्यानं धरणासाठी जमीन दिली, कालव्यावर बागा उभ्या केल्या, द्राक्षाला कर्ज काढलं, आणि ऐन वेळी तुम्ही दरवाजे उघडता. नदीचं कोरडं पात्र किती पाणी पिऊन टाकतं? पैठणला पोचतं किती? प्रश्न खोटे नाहीत. कोरड्या पात्रातून सोडलेल्या पाण्यातलं बरंच वाटेत मुरतं, आणि जायकवाडीचा जलाशय पसरट, उथळ, त्यामुळं बाष्पीभवनात मोठा वाटा जातो. पण या प्रश्नांचं उत्तर कलम मोडणं हे नाही, वेळेत अंमल करणं हे आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात कोर्टाच्या तारखांनंतर सोडलेलं पाणी आणि पावसाळा संपता संपता, पात्र ओलं असताना सोडलेलं पाणी यांत फरक आहे. कायद्यानं ऑक्टोबर म्हटलं ते उगाच नाही.

याच कायद्यात आणखी एक खंड आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. ज्या शेतकऱ्याला दोनपेक्षा जास्त मुलं, त्यानं शेतीच्या पाण्याला दीडपट दर द्यायचा. कायदा लागू झाला तेव्हा असलेल्या मुलांना सूट, पुढच्यांना नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून पुन्हा वाचलं. चारीच्या दरवाजावर बसून मुलं मोजायची? आम्ही घरात सहा भावंडं, पण आमच्या अब्बांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात पाणी सोडलं, स्वतःचं शेतच नव्हतं. त्यामुळं आम्हाला दीडपट शून्य.

या खंडाशेजारी मला पुरंदर तालुक्यातलं नायगाव आठवतं. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे एक अभियंते-उद्योजक तिथं गेले आणि पाणी पंचायत उभी राहिली. त्यांनी पाण्याचं वाटप जमिनीवर केलं नाही, माणसांवर केलं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाणी विकलं जात नाही. आणि उसाला बंदी. म्हणजे तिथं घरात माणूस वाढला की त्याच्या नावानं ओंजळभर पाणी मोजलं गेलं, आणि कायद्याच्या पुस्तकात माणूस वाढला की दंड. दोन्हीकडे मोजणी माणसांचीच. मला विचाराल तर नायगावची ती साधी अट, की पाणी माणसाचं, सातबाऱ्याचं नाही, ही आपल्या सगळ्या जलनीतींपेक्षा पुढची आहे. अंमल करायला ती अवघड आहे, हे मान्य. नायगावाबाहेर ती फार पसरली नाही, हेही मान्य. पण सरकारच्या कुठल्याही कायद्यात भूमिहीन बाईचा कालव्याच्या पाण्यात वाटा लिहिलेला मला सापडला नाही.

उसाचा उल्लेख आला. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानं आपल्या अहवालात नोंदवलं होतं की महाराष्ट्रात पिकाखालच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचं जवळपास सत्तर टक्के पाणी घेतो. २००५च्या कायद्यात बारमाही पिकांना अधिसूचित भागात ठिबक सक्तीची तरतूद आहे. तरतूद आहे, एवढंच सांगतो. ऊस लावणाऱ्यावर मी चिडत नाही. त्याला दुसऱ्या कुठल्या पिकाचा बांधलेला भाव मिळतो? उसाला रास्त आणि किफायतशीर दर सरकार ठरवतं, कारखाना घेऊन जातो. ज्वारीला कोण घेऊन जातं? पाण्याचं धोरण पाण्याच्या खात्यातच होतं असं आपण समजतो. ते भावाच्या खात्यात होतं आणि विजेच्या खात्यात होतं.

विजेचं उदाहरण घ्या. जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं, हा इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला समज. तो बदलण्यासाठी महाराष्ट्रानं २००९ साली भूजलाचा कायदा केला. शेतीसाठी किंवा उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा खोल विहीर नको, असं त्यात आहे. साठ मीटर म्हणजे साधारण दोनशे फूट. आमच्या भागात बोअरची गाडी पाचशेच्या आत थांबत नाही, कुठं कुठं हजारापर्यंत जाते. आणि दुसरीकडं, एप्रिल २०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य सरकारनं वीज मोफत केली. शेतकऱ्याचं बिल माफ झालं याचा मला आनंदच आहे, तो कर्जात बुडालेला आहे. पण एक हात खोल जाऊ नको म्हणतो आणि दुसरा हात मोटारीचं बटण दाबून ठेवतो, तेव्हा जमिनीखालचं पाणी कुणाचं ऐकणार? केंद्राची अटल भूजल योजना सात राज्यांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र होता. गावानं स्वतः विहिरींची पातळी मोजावी, पाण्याचा ताळेबंद मांडावा, ही त्यातली चांगली गोष्ट. ताळेबंद मांडून पीक बदलणारी गावं आहेत, हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे. पण ते गावाच्या जिवावर झालं.

कायदा आणि अंमल यांच्यातलं अंतर किती असू शकतं त्याची एक गोष्ट. आपला पाटबंधारे अधिनियम १९७६चा. कायदा झाला की त्याचे नियम करावे लागतात. ते झाले नाहीत म्हणून कितीतरी दशकं कालव्यांचा कारभार १९३४च्या मुंबई कालवे नियमांवर चालला, आणि ते नियम होते १८७९च्या इंग्रजी कायद्याखालचे. २००५च्या कायद्यात मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल परिषद होती, तिनं राज्याचा एकात्मिक जल आराखडा मंजूर करायचा होता. परिषदेची पहिली बैठक झाली २०१५ साली. औरंगाबादचे (आज छत्रपती संभाजीनगर) प्रा. प्रदीप पुरंदरे यांनी हे सगळं वर्षानुवर्षं चिकाटीनं लिहून, बोलून, शेवटी कोर्टात जाऊन लोकांपुढं आणलं. आणि २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा आपण सगळे फलाटावर फोटो काढायला उभे होतो. त्याच्या महिनाभर आधी लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. घागर घेऊन पाचजण एकत्र उभे राहिले तर गुन्हा. कायद्याचं हेही एक साधन म्हणायचं.

मग जमलं कुठंच नाही का? जमलं. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. तिथं १९९०च्या आसपास टेलच्या शेतकऱ्यांनी, ज्यांना पाणी मिळतच नव्हतं त्यांनी, समाज परिवर्तन केंद्राच्या मदतीनं पाणी वापर संस्था काढल्या. पाणी खात्याकडून मोजून घ्यायचं आणि आपसात वाटायचं. पुढं सगळ्या संस्था मिळून अख्ख्या प्रकल्पाचं व्यवस्थापन त्यांनी हातात घेतलं. टेलला पाणी पोचलं. २००५ साली सिंचन व्यवस्थापनाचा दुसरा कायदा आला त्यात या अनुभवाचे धडे दिसतात. संस्थेच्या कारभारात वरच्या, मधल्या आणि खालच्या भागाचे प्रतिनिधी सारखे असावेत, आणि पाणी हेक्टरवर नाही, घनमापावर द्यावं.

घनमापावर, म्हणजे मोजून. सगळी गाठ इथं आहे. पाणीपट्टी क्षेत्रावर असते तेव्हा शेतकरी सात नंबरचा फॉर्म भरतो, अमुक पीक, अमुक गुंठे. मग किती पाणी घेतलं याला हिशोब नाही, वरचा भिजवत राहतो, खालचा वाट बघत राहतो, आणि कालव्यावर रात्री डोंगळे पडतात. मोजून दिलं तर वाचवलेलं पाणी आपलं हे कळतं. पण मोजायला चारीच्या तोंडाशी मोजमापाचं साधन धड हवं. आमच्या चारीवरचं साधन मी लहानपणी पाहिलं होतं, सिमेंटचा गळा आणि बाजूला आकड्यांची पट्टी. पट्टी केव्हाच गेली. गळा आहे, त्यात बाभळीचं झाड आलं आहे.

मागच्या वर्षी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीच्या आधी आम्ही गावातल्या काहीजणांनी एक अर्ज लिहिला. मसुदा माझाच. त्यात नवा कायदा मागितला नाही, निधी मागितला नाही. गळ्यातली बाभूळ काढा. पट्टी बसवा. प्रत्येक आवर्तनात आमच्या चारीला किती दिवस आणि किती घनमीटर पाणी आलं ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, मराठीत. आणि १५ ऑक्टोबरला खोऱ्यातल्या प्रत्येक धरणाचा साठा टक्क्यांत, त्याच फळ्यावर. अर्जाची पोच मिळाली आहे. फळा आम्ही रंगवून ठेवला आहे.